कूलर कुठे लावायचा?

सॅम्पल फ्लॅट पाहून आम्ही हॉलमध्ये परत आलो. बाबांनी सवयीनं भिंत बोटानं ठोकून पाहिली. आईनं ओट्याची उंची स्वतःच्या कोपराशी लावून बघितली. मी कारपेट एरिया आणि पझेशनची तारीख विचारली, कारण असलेच प्रश्न विचारायचे असतात हे मी यूट्यूबवरून शिकून आलो होतो. मग आईनं विचारलं, "कूलर कुठे लावायचा?"

सेल्सची मुलगी गोड हसली. "काकू, इथे सगळे एसीच लावतील ना. बाहेरच्या साइडला कूलर अलाउड नाही. एलेव्हेशन खराब दिसतं."

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडीठक्क असते. अशा हवेत कूलर जे काम करतो ते त्याला मुंबईच्या दमट हवेत कधीच जमणार नाही. त्यामुळे इथे कूलर म्हणजे एक ऋतूच. मार्च संपता संपता तो माळ्यावरून खाली येतो, टाकी घासली जाते, नवी खस भरली जाते आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर तो जाऊन बसतो. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट खातो, कूलरचं दोनशेच्या आसपास भागतं. ज्या घरात महिन्याचं बिल बघून पंखा बंद केला जातो, त्या घरात हा फरक फार मोठा असतो. आईचा प्रश्न एलेव्हेशनचा नव्हताच.

गाडीत बसल्यावर मला वाटलं, हा नियम कुणी केला? इमारत अजून सातव्या स्लॅबवर होती. तिथे एकही माणूस राहत नव्हता. आणि तरी तिथे काय चालेल, काय चालणार नाही, हे ठरून बसलेलं होतं.

मी नियमांची प्रत मागवली. मुलीनं दोनदा विचारलं, "सर, ॲग्रीमेंटचा ड्राफ्ट ना?" म्हटलं, नाही, असोसिएशनचे नियम. चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. त्याच बिल्डरच्या शेजारच्या फेजमध्ये लोक राहायला येऊन तीन वर्षं झालीत. तिथले नियम उचलून आमच्या फेजला लावले होते, वर नाव बदलायचंही राहून गेलं होतं. माझं कामच सॉफ्टवेअरचं, त्यामुळे कॉपी-पेस्ट मी लांबून ओळखतो.

रात्री ती पीडीएफ वाचली. रोज आपण कुठल्या ना कुठल्या ॲपच्या असल्याच लांबलचक अटींखाली 'मान्य आहे' दाबतो. पण ॲप काढून टाकता येतं. इथे वीस वर्षांचा हप्ता आहे. बरेचसे नियम साधे होते: कचरा कधी, गाडी कुठे, रात्री दहानंतर ड्रिलिंग नाही. काही हास्यास्पद होते, जसं की बाल्कनीत कपडे वाळत घालताना ते कठड्याच्या वर दिसू नयेत. आणि मग एका पानावर, सगळ्यांच्या मधोमध, तीन वाक्यं होती. घरकामाला येणाऱ्यांनी सर्व्हिस लिफ्टच वापरावी. अविवाहित भाडेकरू ठेवू नयेत. फ्लॅट भाड्यानं देण्याआधी किंवा विकण्याआधी समोरच्या व्यक्तीची 'पार्श्वभूमी' कमिटीला कळवून संमती घ्यावी.

पार्श्वभूमी. मी या शब्दावर बराच वेळ अडकलो.

आधी कायद्याचं थोडं, कारण आपण घर घेतो म्हणजे कायद्यानं नेमकं काय घेतो हे मलाही त्या रात्रीपर्यंत धड माहीत नव्हतं. महाराष्ट्रात दोन वाटा आहेत. एक, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालची गृहनिर्माण संस्था, म्हणजे आपली नेहमीची सोसायटी. तिथे जमीन-इमारत संस्थेची, तुम्ही सभासद, आणि वन बीएचके असो की पेंटहाउस, एका सभासदाला एकच मत. दुसरी, १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा. नागपुरात या वाटेनं गेलेल्या इमारती भरपूर दिसतात. इथे फ्लॅट तुमच्या मालकीचा, शिवाय जिना, गच्ची, जमीन यांत तुमचा अविभक्त हिस्सा, टक्क्यांत लिहिलेला. मतही त्या टक्क्यांनुसार मोजलं जातं. हिस्सा मोठा तर मत जड. आमची इमारत दुसऱ्या वाटेची होती आणि माझ्या टू बीएचकेचा हिस्सा एक टक्क्याच्याही आत होता.

सहकारी वाटेवर निदान आदर्श उपविधी आहेत, आणि सभासदाच्या बाजूनं काही गोष्टी बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. घर भाड्यानं द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. तुम्ही स्वतः राहत नसाल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही, हे सरकारनं २००१ मध्येच ठरवून दिलंय. पण नियम कागदावर काय आहे आणि गेटवर काय आहे, यात अंतर असतं. घर शोधत फिरलेल्या कुठल्याही पोराला विचारा.

सुरुवातीला मला भीती वाटली ती सगळ्यांना वाटते तशीच. माझ्या घरात मी काय करायचं हे तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड काका ठरवणार? कर्ज माझं, हप्ता माझा, आणि बाल्कनीतला टॉवेल कमिटीच्या अखत्यारीत? मित्रांच्या ग्रुपवर मी ही पीडीएफ टाकली तर सगळ्यांची प्रतिक्रिया हीच होती. कुणी 'हुकूमशाही' लिहिलं, कुणी हसून लोळणारे चेहरे. याला एक तयार उत्तरही असतं: नियम आवडत नसतील तर घेऊ नका, कुणी जबरदस्ती केलीये? सही केली म्हणजे संमती दिली. हे उत्तर मला तितकंसं पटत नाही. कामाच्या जागेजवळ, बजेटमध्ये, बँक कर्ज देईल अशा कागदपत्रांची जी चार घरं मिळतात, त्या चारही ठिकाणी हेच नियम असतील तर 'निवडलं' या शब्दात फारसा जीव उरत नाही. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमनं असल्या संमतीची थट्टा केली होती: माणसाला झोपेत जहाजावर नेऊन टाकायचं आणि मग म्हणायचं, उतरायचं तर उतर, समुद्र मोकळा आहे.

पण पार्श्वभूमी हा शब्द काही सोडेना. आणि तिसऱ्या रात्री कळलं की तो का सोडत नाही.

इंजिनिअरिंगनंतर आम्ही दोघं पुण्यात एकाच आठवड्यात नोकरीला लागलो. दोघं नागपूरचे, एकाच बॅचचे, चार वर्षं एकाच बेंचवर. तो इंदोऱ्याचा. जिथे आज दीक्षाभूमी आहे त्या मैदानावर १४ ऑक्टोबर १९५६ ला त्याचे आजोबा होते, हे त्यानं मला पहिल्या सेमिस्टरलाच सांगितलं होतं, जसं कुणी सांगतं की आमचे आजोबा रेल्वेत होते. वाकडला एका सोसायटीत टू बीएचके पाहिला. ओनर बाहेरगावी, ब्रोकरनं सेक्रेटरींकडे नेलं. माणूस अगदी सभ्य. चहा दिला, कंपनीचं नाव विचारलं, मग आधार कार्डं हातात घेऊन दोघांची आडनावं मोठ्यानं वाचली. दुसऱ्या दिवशी ब्रोकरचा मला एकट्याला फोन आला. "तुमचं होऊन जाईल. दुसऱ्यांचं जरा अवघड आहे. फॅमिली सोसायटी आहे ना, नॉनव्हेजचा इश्यू होतो."

मी नॉनव्हेज खातो की नाही, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सावजीच्या रश्श्यावर वाढलेला माणूस आहे. माझा मित्र शाकाहारी आहे.

मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू घेऊन टाक बे, मी पाहतो काहीतरी." आणि मी घेतला. ऑफिस आठ मिनिटांवर होतं. दुसरा एक पार्टनर आठवड्यात मिळाला. मित्र पिंपळे गुरवला एका पीजीत गेला. आम्ही भेटत राहिलो, सिनेमे पाहिले, तो माझ्या फ्लॅटवर कितीदा तरी आला, पण त्या फोनबद्दल पुन्हा एक शब्द बोललो नाही. दोन वर्षं मी तिथे राहिलो. सेक्रेटरी दिवाळीला फराळाचं ताट पाठवायचे. मला ताप आला तेव्हा त्यांनीच डॉक्टर आणला. वाईट माणूस म्हणून दाखवायला त्या गोष्टीत एकही माणूस नाही, आणि म्हणूनच मला ती कुणाला नीट सांगता येत नाही.

तेव्हा मी भाडेकरू होतो. नियम माझा नव्हता. मला फक्त त्याचा फायदा मिळाला होता, असं मी स्वतःला सांगू शकत होतो आणि सांगतही होतो. आता ज्या कागदावर मी सही करणार होतो त्यात मी त्या टेबलाच्या पलीकडे जाऊन बसणार होतो. आधार कार्ड हातात घेणाऱ्यांच्या बाजूला. माझ्यावर कोण राज्य करणार याची मी तीन दिवस चिंता केली. मी कुणावर करणार आहे, हा प्रश्न त्यात एकदाही आला नव्हता. एक टक्का का असेना, त्या संमतीत माझा वाटा असणार होता. पुढे कुणाला तरी ब्रोकर फोन करून म्हणेल, "कमिटीला चालत नाही." आणि कमिटी म्हणजे मी.

हे सगळं नवीन नाही. मुंबई इलाख्यातली पहिली गृहनिर्माण सहकारी संस्था १९१५ मध्ये गावदेवीला उभी राहिली, सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी. तिच्यामागे श्रीपाद सुब्बराव तल्माकी होते, आणि ती होती कानडा मुलखातून मुंबईत आलेल्या सारस्वतांसाठी. म्हणजे आपल्याकडे सोसायटी हा प्रकार जन्मला तोच एका जातीच्या घरांची सोय म्हणून. हे वाचून पहिल्यांदा मी कडवट हसलो. पण नंतर वाटलं, महागड्या, अनोळखी शहरात आलेल्या नोकरदार माणसांनी आपल्या माणसांना हाताशी धरून घरं बांधली, यात चूक शोधायची तर कुठून शोधायची? परक्या गावात पोचलेला कुणीही आधी आपलं आडनाव शोधतो. बंगळुरूला गेल्यावर नागपूरकर नागपूरकरांच्याच ग्रुपमध्ये रूम शोधतात की.

त्या सोसायटीनंतर दोन वर्षांनी, १९१७ मध्ये, कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला बडोद्याला पोचले. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत फक्त पारशांना जागा होती. तिथल्या रखवालदाराशी ठरवून वहीत एक पारशी नाव लिहिलं आणि ते राहू लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा घोळका जिना चढून आला. संध्याकाळच्या आत जागा सोडायची. एक हिंदू मित्र म्हणाला, तुम्हाला ठेवलं तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राचं उत्तर होतं, बायकोला विचारायला लागेल. तेव्हा ते बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. हे त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यात मला सगळ्यात ओळखीचे वाटतात ते हे दोन मित्र. काठीवाले नव्हे. मी पुण्यात त्या दोघांतला एक होतो.

पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी सांगितलं की खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक धरला याचा त्यांना आनंद आहे. खेड्याबद्दल ते फार कडक बोलले होते, कारण खेड्यात सगळ्यांना सगळ्यांचं आडनाव माहीत असतं. घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं घेऊन सांगितलंय की धर्म, जात, लिंग यांवरून तिथे कुणाला अडवायचं नाही. त्या यादीत राहतं घर नाही. आपण विहिरीपर्यंत पोचलो, जिन्यापर्यंत नाही.

मला वाटायचं, असा नियम कुणी उघड लिहिला तर कोर्टात टिकणार नाही. तर २००५ मध्ये अहमदाबादच्या एका जुन्या पारशी गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. उपविधीत लिहिलं होतं, सभासद पारशीच हवा. न्यायालयानं तो उपविधी वैध ठरवला: लोकांनी स्वेच्छेनं संस्था केली, आपले सभासद कोण हे ठरवण्याचा त्यांना हक्क आहे. पारशांची संख्या किती झपाट्यानं घटतेय हे पाहिलं तर त्यांच्या बाजूनं माझं मन थोडं वळतं. मूठभर उरलेल्या लोकांनी एकत्र राहायला कुंपण घातलं, तर ते आणि शहरातल्या निम्म्या घरांच्या मालकांनी घातलेलं कुंपण एकाच मापानं मोजायचं का? मला नाही वाटत. पण निकाल वाचताना काठीवालेही आठवतात. तिकडे अमेरिकेत १९४८ मध्येच त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं उलट बाजू घेतली होती. काळ्या माणसाला घर विकणार नाही असं शेजाऱ्यांनी खरेदीखतात लिहून ठेवलेलं होतं. न्यायालय म्हणालं, तुम्ही आपसात काय ठरवायचं ते ठरवा, पण ते अमलात आणायला आमचा दरवाजा ठोठावू नका.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतंच. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ आला तेव्हा अख्खा महाराष्ट्र पेटून उठला. मीही ती क्लिप तीन ग्रुपवर पाठवली. 'आमच्याच राज्यात आम्हालाच?' असं लिहून. ज्यांना मी पाठवली त्यांत पुण्याचा तो मित्रही होता. त्यानं अंगठा दाखवला, बस.

तर एवढं सगळं डोक्यात घेऊन मी रविवारी बाबांसमोर जाहीर केलं की सोसायटी-बिसायटी नको, आपण प्लॉट घेऊन स्वतंत्र घर बांधू. कुणाची कमिटी नाही, कुणाची संमती नाही. हात स्वच्छ. आमचं राहतं घर तसंच आहे, हुडकेश्वर रोडच्या आत एका जुन्या लेआउटमध्ये. बाबांनी नव्वदच्या दशकात प्लॉट घेतला तेव्हा तिथे शेत होतं, रस्ता नव्हता. मग नासुप्रच्या चकरा, डिमांड, आरएल लेटर. नागपूरकरांना या दोन अक्षरांत अर्धं आयुष्य आठवेल.

बाबा उठले. कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात लेआउटचा पिवळा पडलेला नकाशा आणि मूळ प्लॉटधारकांची टंकलिखित यादी होती. "वाच," म्हणाले.

मी वाचली. बेचाळीस नावं. दहा-बारा वाचल्यावर थांबलो.

"कुणी नियम नव्हता केला," बाबा म्हणाले. "माझ्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं, जागा आहे म्हणून. मी माझ्या साडभावाला सांगितलं. त्यानं त्याच्या शेजाऱ्याला. असंच झालं."

बाबा हे कबुली म्हणून बोलत होते की माहिती म्हणून, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पण माझा स्वच्छ हातांचा बेत तिथेच संपला. ज्या घरात मी वाढलो त्याच्या पायात हीच यादी आहे. नागपूरचा नकाशाच असा आहे. जरीपटका म्हटलं की सिंधी, मोमिनपुरा म्हटलं की मुसलमान, इंदोरा म्हटलं की बौद्ध, आणि धरमपेठ म्हटलं की काय ते सांगायला लागत नाही. यातल्या कुठल्याच वस्तीच्या वेशीवर पाटी नाही.

इथे मला पीडीएफबद्दल एक विचित्र गोष्ट जाणवली. आमच्या लेआउटच्या यादीशी भांडता येत नाही. ती कुणी केली नाही, कुठल्या सभेत ठरली नाही, कुठल्या तारखेला रद्द करता येणार नाही. पीडीएफमधल्या त्या वाक्याला मात्र पान क्रमांक आहे. ते कुठल्या तरी बैठकीत मंजूर झालंय, त्याला सूचक आणि अनुमोदक आहेत, आणि ज्यांना मत आहे ते त्याच्याविरुद्ध हात वर करू शकतात. आमच्या भाषेत सांगायचं तर बग निदान कोडमध्ये दिसतोय. हे फार मोठं समाधान आहे असं मी म्हणत नाही. हात वर करणारा एकटाच असेल तर तो इतिवृत्तात 'बहुमताने मंजूर' या शब्दांखाली गाडला जातो. आणि मी स्वतःला ओळखतो. सभेत पाण्याच्या टँकरवर दीड तास भांडण होणार, रात्रीचे दहा वाजणार, सगळ्यांना घरी जायचं असणार, आणि अध्यक्ष म्हणणार, "भाडेकरूंचा विषय जैसे थे ठेवूया ना?" तेव्हा मी तोंड उघडेन का? पुण्यात मला फक्त एका ब्रोकरला नाही म्हणायचं होतं. तेही जमलं नव्हतं.

आणखी एक कबुली. नियमांतल्या काही गोष्टी मला हव्या आहेत. मध्यरात्री डीजे नको. आई-बाबा एकटे असताना गेटवर कुणी तरी विचारणारं हवं. मेमध्ये बोअर आटली की टँकर कुणी मागवायचा हे ठरलेलं हवं. लेआउटमध्ये रस्त्यावरच्या एका दिव्यासाठी बाबांनी दोन वर्षं अर्ज केले आहेत. एकत्र राहण्याचा हा फायदा खरा आहे, आणि तो घेताना मला लाज वाटत नाही. गंमत अशी की तोच वॉचमन, तेच रजिस्टर, तीच कमिटी दोन्ही कामं करते. चोराला विचारते आणि माझ्या मित्रालाही.

शेवटी मी त्याला फोन केला. तो सध्या घरून काम करतो, इंदोऱ्यालाच. इकडचं तिकडचं झालं. मग मी वाकडच्या फ्लॅटचा विषय काढला. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही.

"आता आठवलं का बे तुला?"

"आठवत होतंच."

"मग?"

मला 'सॉरी' म्हणायचं होतं आणि ते शब्द इतके लहान वाटले की मी त्याऐवजी पीडीएफबद्दल सांगत सुटलो. कलम, टक्केवारी, पार्श्वभूमी, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "घेऊन टाक. तू नाही घेतला तर दुसरा कोणी घेईन, अन् तो हे वाचणार पण नाही."

हा युक्तिवाद मला संशयास्पद वाटतो. चांगल्या पगाराची वाईट नोकरी घेणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. मी त्याला तसं सांगितलं.

"तो तुझा प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. मग विचारलं, "रेट काय लावून राहिले?"

मी सांगितला.

"अन् पार्किंग कव्हर्ड आहे?"

तेव्हा कळलं, तोही घर शोधतोय. सहा महिन्यांपासून. लग्न ठरलंय, वर्धा रोडच्या बाजूला हवंय, होणाऱ्या बायकोचं ऑफिस मिहानमध्ये आहे. मला माहीत नव्हतं. आणि मला माहीत नव्हतं याचं मला जे वाटलं ते आडनावांच्या यादीपेक्षा वाईट होतं.

मी म्हटलं, बिल्डरकडून थेट घेताना कुणी काही विचारत नाही. ते खरंच आहे. त्या एसी हॉलमध्ये नागपुरातली सगळ्यात मोठी समता नांदते. तिथे फक्त सिबिल स्कोअर बघतात. विचारणारे नंतर येतात, चाव्या मिळाल्यावर.

"माहीत आहे," तो म्हणाला. "रविवारी जाऊ."

रविवारी गेलो. त्याची होणारी बायकोही आली होती. त्याच मुलीनं पाणी दिलं, तोच सॅम्पल फ्लॅट दाखवला. त्यानं भिंत ठोकली नाही, मोबाइलवर खिडकीची दिशा पाहिली. पश्चिम. सी विंगमध्ये माझ्या पसंतीच्या फ्लॅटच्या वरचाच मोकळा होता. मुलीनं दोघांसमोर दोन फॉर्म ठेवले. टोकनची मुदत शुक्रवारपर्यंत. त्यानं फॉर्म उलटसुलट पाहिला, घडी करून खिशात ठेवला. भरला नाही. मीही नाही.

खाली उतरताना तो म्हणाला, "पश्चिमेची खिडकी आहे. मेमध्ये भट्टी होईन. कूलरचं विचारलं का तू?"

"विचारलं. बाहेरून लावू देत नाहीत."

"काहून?"

"एलेव्हेशन खराब दिसतं म्हणे."

तो वर बघत राहिला, अर्धवट स्लॅबकडे, डोळ्यांवर हात धरून. त्याच्या होणाऱ्या बायकोनं विचारलं, "हे बदलायला किती मतं लागतात?"